हेडसेटची पारख : यात्रेकरूची आणि रहिवाशाची

पुस्तकाचें परीक्षण लिहिणाऱ्यानें तें पुस्तक एकदां तरी शेवटपर्यंत वाचलेलें असतें, असें समजून चालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ही समजूत दर वेळीं खरी ठरतेच असें नाहीं. पण परीक्षकावर तेवढें बंधन आहे हें निदान सर्वांस मान्य असतें. बाजारांतील वस्तूंच्या परीक्षकावर मात्र असें कोणतेंच बंधन अद्यापि पडलेलें दिसत नाहीं. संगणकावर व मोबाइलवर खेळावयाच्या खेळांसाठीं जे हेडसेट, माउस, कीबोर्ड आज विकले जातात, त्यांचीं परीक्षणें लेखांतून व चित्रफितींतून रोज प्रसिद्ध होत असतात. तीं लक्षपूर्वक ऐकलीं तर पुष्कळदां परीक्षकाच्याच शब्दांवरून कळून येतें कीं, त्या वस्तूशीं त्याचा सहवास आठ-दहा दिवसांपलीकडे गेलेला नाहीं. पहिलीं तीन प्रकरणें वाचून कादंबरीच्या शेवटाविषयीं मत द्यावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा विषय मुळांत यंत्रांचा नसून टीकेचा आहे. आणि दुसरें म्हणजे हा खर्च आतां मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या दारांत येऊन उभा आहे. मुलगा हेडसेट मागतो तेव्हां ‘खेळण्यासाठीं पैसे नाहींत’ एवढें सांगून बापाची सुटका होत असे, ते दिवस गेले. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ई-स्पोर्ट्‌सचा कारभार युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोंपविला. २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत या खेळांस पदकें लागलीं. २०२५ सालच्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या खेळांस बंदी केली, आणि ई-स्पोर्ट्‌सला त्यांच्यापासून वेगळें काढून मान्यता दिली. मुलाला हें सर्व पाठ असतें, बापाला नसतें. अखेर चार-पांच हजार रुपये खर्चावयाचे ठरतात, आणि ते कोणत्या हेडसेटवर खर्चावे हें सांगणारा म्हणून तो आठ दिवसांचा परीक्षक घरांत प्रवेश करतो.

शिर्डीसारख्या गांवांत राहणाऱ्यास या परीक्षकाची जात ओळखण्यास फारसा वेळ लागत नाहीं. क्षेत्राच्या गांवीं दोन बाजार असतात. एक यात्रेकरूंसाठीं, दुसरा रहिवाशांसाठीं. रस्त्याच्या कडेला चादर पसरून इअरफोन विकणारा गाडी सुटण्याच्या घाईंत असलेल्या गिऱ्हाइकाला दोनशें सांगतो आणि ऐंशींत देतो. तो इअरफोन मनमाड येईपर्यंत वाजला तरी दोघांचाहि व्यवहार पुरा झाला. बिघडला तर त्याची तक्रार यात्रेकरूबरोबरच गांव सोडून गेलेली असते. उलट जो दुकानदार आमच्याच गल्लींत राहतो, ज्याचा मुलगा आमच्या मुलाबरोबर शाळेंत जातो, त्याला विकलेल्या वस्तूची गांठ उद्यां भाजीबाजारांत पुन्हां पडणार असते. म्हणून तो सांभाळून बोलतो. यांत यात्रेकरूची निंदा नाहीं. त्याचें दर्शन खरेंच असतें, आनंदहि खरा असतो. पण त्याच्या बळावर त्यानें येथल्या उन्हाळ्याविषयीं किंवा येथल्या पाण्याविषयीं मत देऊं नये. आठ दिवसांचा परीक्षक हा त्या वस्तूच्या घरीं आलेला यात्रेकरू आहे. आपणांस हवें असतें तें रहिवाशाचें मत.

यात्रेकरूस काय दिसतें? खोका. खोक्यावर आंकडे असतात आणि परीक्षणांतहि तेच उतरतात. ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हा त्यांतला पहिला. तरुण माणसाच्या कानास साधारणपणें ऐकूं येणाऱ्या स्वरांची हीच मर्यादा असल्यामुळें, हा आंकडा वाचून मन प्रसन्न होतें. परंतु त्या संपूर्ण टप्प्यांत आवाज कोठें फुगतो व कोठें खचतो, किती डेसिबलांच्या फरकानें, हें सांगितल्यावांचून त्या आंकड्यास कांहींच अर्थ राहत नाहीं. आणि नेमकें तेंच खोक्यावर नसतें. दुसरा आंकडा आवाज उत्पन्न करणाऱ्या पडद्याच्या व्यासाचा. ४० मिलिमीटरपेक्षां ५० मिलिमीटर चांगला, असें दुकानदार सांगतो व परीक्षकहि मान डोलावतो. तबल्याची पुडी किती रुंद आहे हें मोजून, शाई कशी भरली आहे तें न पाहतां, तबला विकत घेणारा माणूस आम्हीं अद्यापि पाहिलेला नाहीं.

‘७.१ सराउंड’ या शब्दाचा मोह तर विशेष आहे. सात बाजूंस सात आणि एक जाडा, असे आठ कर्णे त्या टोपणांत बसविले असावेत अशी पुष्कळांची समजूत असते. बहुतेक हेडसेटांत डाव्या कानास एक व उजव्या कानास एक असे दोनच पडदे असतात, आणि खरें पाहतां तेवढे पुरतात. कारण आपल्यालाहि कान दोनच आहेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास किंचित् आधीं व किंचित् मोठा ऐकूं येतो. हा काळाचा फरक जास्तींत जास्त झाला तरी एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच असतो. पण मेंदूस तेवढा पुरे होतो. आवाज पुढचा कीं मागचा, वरचा कीं खालचा, हें मुख्यतः कानाच्या पाळीच्या वळणांवर ध्वनीचें जें रूप पालटतें त्यावरून उमगतें. हें सारें गणितानें बनवून दोन पडद्यांतून ऐकवितां येतें, आणि पुष्कळ खेळांच्या रचनेंतच तें आधीं केलेलें असतें. त्यावर हेडसेटवाल्यानें आपलें गणित आणखी चढविलें, म्हणजे शत्रूचीं पावलें मागच्या जिन्यावर वाजतात कीं बाजूच्या खोलींत, हें आधीं स्पष्ट होतें तेंहि धूसर होतें. जाणते खेळाडू ती कळ बंद करून खेळतात. ज्या गुणासाठीं पैसे मोजावयाचे तो गुण बंद करावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आंकड्यांचा राग आम्हांस नाहीं. मोजमाप हवेंच, पण तें कशाचें करावें हा प्रश्न आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचें उदाहरण घ्या. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं १९ व्या शतकांत तेथें हें काम हातीं घेतलें, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. तंबोरा घेणारा गवई भोपळ्याचा घेर मोजून परत जात नाहीं. तो तारा जुळवितो, जवारी ऐकतो, वाद्य मांडीवर घेऊन बसून पाहतो. आणि पुढें जवारी बिघडली कीं तेंच वाद्य घेऊन पुन्हां कारागिराच्या दारीं उभा राहतो. जेथें घडविणारा व दुरुस्त करणारा एकच असतो, तेथें वस्तूची परीक्षा विक्रीबरोबर संपत नाहीं. हेडसेटच्या बाबतींत घडविणारा समुद्रापलीकडे, विकणारा एखाद्या गोदामांत आणि दुरुस्त करणारा बहुधा कोणीच नाहीं, अशी स्थिति आहे. परीक्षकाची जबाबदारी त्यामुळें वाढावयास हवी होती. ती उलट हलकी झाली आहे.

आतां रहिवाशाच्या दृष्टीनें पाहूं. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४० अंशांच्या आसपास खेळत असतो. हवा कोरडी, रस्त्यावर नगर-मनमाड मार्गाची अखंड वाहतूक, आणि खिडकी उघडी ठेवली तर मेजावर दुपारपर्यंत बोट फिरवून नांव लिहितां येईल इतकी धूळ. मुलगा खेळावयास बसतो त्या खोलींत डोक्यावर पंखा व खिडकींत कूलर असतो. परीक्षकानें बंद खोलींत, शांततेंत, मायक्रोफोनमध्यें चार वाक्यें बोलून तीं आपणांस ऐकविलेलीं असतात आणि तीं खरोखरच स्वच्छ असतात. पण कूलरच्या घोंघाटांत तोच मायक्रोफोन एक तर पंख्याची पातीं साथीदारांच्या कानांत फिरवितो, किंवा आवाज गाळण्याच्या उत्साहांत बोलणाऱ्याच्या शब्दांचींच अक्षरें गाळतो. ‘डावीकडे ये’ यांतील ‘डावीकडे’ गेलें म्हणजे खेळहि गेला. पंख्याखालीं बसून मायक्रोफोनची परीक्षा केलेली आम्हांस क्वचितच आढळली. ज्या देशांत बहुतेक घरीं पंखा फिरतो, तेथल्या परीक्षकांनीं ती प्रथम करावयास हवी.

दुसरी गोष्ट कानावरच्या उशांची. खोक्यांतून काढल्या दिवशीं त्या मऊ, काळ्याभोर, चामड्यासारख्या दिसतात. चामडें तें नव्हे. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. घाम, उष्णता व दमट हवा यांच्या योगानें हा थर हळूहळू विघटन पावतो. उन्हाळ्यांतील घाम त्यानें कसाबसा सोसला तरी पावसाळ्यांतील दमटपणा त्याला पुरा करतो, आणि दुसऱ्या दिवाळीच्या सुमारास मुलाच्या कानशिलांवर काळे पापुद्रे चिकटूं लागतात. आवाज अजून उत्तम असतो. पण डोक्यावर घालवत नाहीं. अशा वेळीं दोन प्रश्न खरे महत्त्वाचे ठरतात : उशी निघते काय, आणि निघत असल्यास दुसरी मिळते काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें पहिल्या दिवशींहि देतां येतात, त्याला वर्ष लागत नाहीं. तरी परीक्षणांत तीं शोधून पाहावीं. कापडी उशी दिसावयास गरीब, पण आमच्या हवेंत ती अधिक टिकते, आणि धुतां येते. डोक्यावरच्या पट्टीचा सांधा प्लॅस्टिकचा कीं धातूचा, वायर हेडसेटला कायमची जोडलेली कीं काढतां येण्याजोगी, चष्म्याच्या काडीवर दाब किती पडतो, हे प्रश्नहि याच वर्गांतले. चष्मा लावणाऱ्या मुलास दोन तासांनंतर कानामागें ठणका लागला, तर त्याला पडद्याचा व्यास सांगून काय उपयोग?

वायर नको म्हणून बिनतारी हेडसेट घेणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. साध्या ब्लूटूथनें आवाज पोंचण्यास सुमारें दीडशें ते अडीचशें मिलिसेकंद लागूं शकतात. सेकंदास ६० चित्रें दाखविणाऱ्या पडद्यावर तेवढ्यांत नऊ ते पंधरा चित्रें पुढें सरकलेलीं असतात. गाणें ऐकतांना हें कळत नाहीं, खेळतांना गोळी आधीं लागते व बार मागून ऐकूं येतो. स्वतंत्र ग्राहक-खुंटी संगणकाला लावून चालणारे बिनतारी हेडसेट यापेक्षां पुष्कळ जलद असतात. मात्र त्यांतील लिथियमची बॅटरी उष्णतेनें लवकर म्हातारी होते, आणि ती बदलण्याची सोय बहुधा नसते. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत हेडसेट विसरणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको.

माउसच्या बाबतींत आंकड्यांचा तमाशा याहून मोठा. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला असतां तो किती टप्पे मोजतो, तो आंकडा. खोक्यावर तो वीस-तीस हजारांपर्यंत चढलेला असतो. पण नेमबाजीच्या खेळांतले नाणावलेले खेळाडू बहुधा ४०० ते १,६०० च्या दरम्यानच खेळतात. खरा प्रश्न डाव्या कळीचा आहे. तिच्याखालच्या बारीक स्विचचें आयुष्य दोन कोटी किंवा पांच कोटी दाबांचें असल्याची ग्वाही दिलेली असते. दिवसाला ५,००० वेळां कळ दाबली तरी दोन कोटींस ४,००० दिवस, म्हणजे सुमारें अकरा वर्षें लागावीत. प्रत्यक्षांत वर्षा-दोन वर्षांतच एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्याची नोंद करणारे माउस ठिकठिकाणीं भेटतात. निर्मात्यानें खोटें सांगितलें काय? तसेंहि नाहीं. स्विचच्या कसोटींतील विजेचा प्रवाह निराळा आणि माउसमधला अतिशय क्षीण निराळा. क्षीण प्रवाहानें संपर्काच्या टोंकावरचा गंज जळून जात नाहीं, तो सांचत राहतो, असें जाणकार त्याचें कारण सांगतात. धूळ आणि दमट हवा त्याला हातभार लावतात. कसोटी खरी, आंकडा खरा, आणि माउस बिघडलेला. प्रकाशाच्या किरणानें दाब ओळखणारे स्विच आतां निघाले आहेत. त्यांत धातूवर धातू टेंकून जुळणी व्हावयाची नसल्यामुळें हा विशिष्ट दोष त्यांत उद्भवत नाहीं, ही सुधारणा मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. कीबोर्डाविषयीं इतकेंच कीं, ज्याचीं टोपणें काढून धूळ झाडतां येते तो आमच्या गांवीं बरा. रंगीत दिव्यांविषयीं आमचें मत न विचारलेलें बरें.

परीक्षकांच्या प्रामाणिकपणाकडेहि सरकारचें व जाहिरात-व्यवसायाचें लक्ष गेलें आहे. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलनें २०२१ सालीं नियम केला कीं, मोबदला घेऊन किंवा फुकट मिळालेल्या वस्तूची तारीफ करणाऱ्यानें तें उघड सांगावें. भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानक काढलें. अभिप्राय कसे गोळा करावे, कसे तपासावे व कसे छापावे याचें त्यांत विवेचन आहे. हें सर्व स्तुत्य होय. पण परीक्षक विकला गेलेला नाहीं एवढें कळल्यानें त्याला वस्तु कळली आहे असें सिद्ध होत नाहीं. सचोटीचा यात्रेकरू हा यात्रेकरूच असतो. ‘खरेदी केलेल्या’ ग्राहकांचे तारेहि बहुधा माल हातीं पडल्याच्या आठवड्यांतच उमटतात. नव्या वस्तूच्या वासानें कोणाचें मन प्रसन्न होत नाहीं?

मग रहिवाशाचें मत कोठें मिळेल? गांवांतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळेल, असें आम्हांस पूर्वीपासून वाटत आलें आहे. त्या टेबलावर कोणता सांधा मोडून येतो, कोणती वायर खुंटीपाशीं तुटते, कोणत्या माउसची डावी कळ थकते, हें दुरुस्ती करणाऱ्याच्या बोटांना ठाऊक असतें. जाहिरातीची एक ओळहि त्यानें वाचलेली नसते. तथापि त्याचें मतहि एकांगी आहे हें विसरतां कामा नये. त्याच्याकडे मोडकेंच येतें. जें घरीं बिनतक्रार वाजत आहे तें त्याला दिसत नाहीं. आणि जी वस्तु पुष्कळ खपते ती त्याच्याकडे येतेहि पुष्कळ, म्हणून ती वाईट असें ठरत नाहीं. वैद्याच्या ओसरीवरून गांवाच्या प्रकृतीचा अंदाज करावा तसेंच हें.

याहूनहि मोठी अडचण काळाची आहे, आणि तिच्याकडे आमच्या मतें कोणीच नीट पाहिलेलें नाहीं. वर्षभर वापरून एखाद्यानें विश्वसनीय मत दिलें, तोंपर्यंत तो हेडसेट बाजारांतून गेलेला असतो, आणि त्याच नांवाचा, पुढें एक अक्षर वाढविलेला, दुसरा आलेला असतो. म्हणजे जें मत वेळेवर मिळतें तें कच्चें, आणि जें पिकतें तें निरुपयोगी! हा पेंच खरा आहे. युक्तिवादानें तो सुटण्यासारखा नाहीं. त्यांतल्या त्यांत इतकेंच करतां येईल कीं, एकेका वस्तूची परीक्षा सोडून तिच्या घराण्याची परीक्षा करावी. सांधा तोच ठेवला आहे कीं बदलला? गेल्या खेपेच्या उशा नव्यास बसतात काय? हमी एक वर्षाची कीं दोन, आणि शिर्डीच्या माणसानें तक्रार केली तर सामान घरून नेतात, कीं नव्वद किलोमीटरांवरच्या नाशिकची वाट दाखवितात? या गोष्टी एका मालावरून दुसऱ्या मालावर फारशा बदलत नाहींत.

अशी घराण्याची परीक्षा एकट्यादुकट्याचें काम नव्हे. तेथें पुष्कळ घरें एकत्र यावीं लागतात. त्याची परंपरा महाराष्ट्रांत आहे. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें कुटुंबांचे संघ बांधून घरखर्चाचा माल एकत्र घेण्याची व वांटण्याची पद्धति पाडली. शेंकडों घरांत एकच वस्तु एकाच वेळीं वापरली जाते, तेव्हां तिचा दोष एकाचें दुर्दैव म्हणून झांकला जात नाहीं. तांदूळ-डाळीस जें साधलें तें हेडसेट-माउसला कां साधूं नये? मुलांना तर या वस्तूंचें आपल्या बापापेक्षां शंभरपट अधिक ज्ञान आहे. त्यांना फक्त वहीची संवय नाहीं.

ध्वनीच्या मोठेपणाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण येथें बिघडतें तें दुरुस्त होत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसांसाठीं ८० डेसिबल व मुलांसाठीं ७५ डेसिबल, तेंहि आठवड्यास ४० तास, अशी मर्यादा घातली आहे. दर ३ डेसिबल वाढले कीं मुदत निम्मी होते. म्हणजे ७५ च्या जागीं ८४ डेसिबलांवर खेळणाऱ्या मुलास आठवड्यास पांचच तास उरतात. शिर्डींत रामनवमी, गुरुपौर्णिमा किंवा विजयादशमीच्या गर्दींत खिडकीबाहेर गलबला चालूं असतांना मुलगा आवाजाची कळ चढवितो तो खेळाच्या हौसेनें नव्हे, तर पावलें ऐकूं यावीं म्हणून. तेव्हां ज्या हेडसेटच्या उशा कानाभोंवतीं नीट बसून बाहेरचा आवाज अडवितात, तो कमी आवाजावर ऐकूं येतो आणि म्हणून कानास कमी अपाय करतो. फाटलेली उशी ही केवळ शोभेची हानि नसते, असा याचा अर्थ होतो. खोक्यावर या गोष्टीविषयीं एक अक्षर नसतें.

वहीचा उल्लेख वर केला आहे, तर ती कशी असावी तेंहि सांगून टाकूं. सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर वर्तमानपत्रांशेजारीं ती ठेवावी. रकाने थोडे असावेत : वस्तु कोणती, कोणत्या तारखेस व किती रुपयांस घेतली, पंखा किंवा कूलर असलेल्या खोलींत वापरली काय, प्रथम काय बिघडलें व केव्हां, दुरुस्तीस काय पडलें, सुटा भाग कोठें मिळाला. तारे देण्याचा रकाना नको. शेवटचा रकाना ‘आज चालूं आहे काय?’ असा असावा, आणि तो ज्याचा त्यानें दर दिवाळीस येऊन पुन्हां भरावा.